कायमचा प्रवासी, कायमचा पत्ता

आजचा विषय माझ्या वयाच्या आयटीवाल्यांमध्ये फार चघळला जातो. चाळिशीच्या आत नोकरी सोडायची आणि पुढचं आयुष्य देशोदेशी फिरत काढायचं. अशा माणसाला इंग्रजीत 'पर्पेच्युअल ट्रॅव्हलर' म्हणतात. मी लातूरचा, बीटेक नांदेडला झालं, नोकरी पुण्यात, वय अठ्ठावीस. या बेताची एक्सेल शीट माझ्याकडंही आहे आणि ती मी गंमत म्हणून बनवलेली नाही. तेव्हा सरळ हिशोबच मांडू.

आधी पैसा. सगळीकडं '२५ पट'चं सूत्र ऐकू येतं. वर्षाच्या खर्चाच्या २५ पट रक्कम जमली की सुटलो. पहिल्या वर्षी त्यातले ४ टक्के काढायचे, पुढं महागाईप्रमाणं वाढवत जायचं. याचं मूळ विल्यम बेंगन या अमेरिकन आर्थिक नियोजकाच्या १९९४च्या लेखात आहे. त्यानं अमेरिकेतले शेअर आणि रोखे धरले होते आणि पैसा किमान ३० वर्षं पुरतो का, एवढं तपासलं होतं. चाळिसाव्या वर्षी घरी बसणाऱ्याला कदाचित ५० वर्षं काढायचीत.

समजा, महिन्याचा खर्च ६० हजार. वर्षाचे झाले ७ लाख २० हजार, त्याच्या २५ पट म्हणजे १ कोटी ८० लाख. आता ६ टक्के महागाई लावा. तेच ६० हजार ३० वर्षांनी साधारण ३ लाख ४४ हजार होतात. वर आपली पुंजी रुपयात आणि खर्च युरोत नाहीतर बाटमध्ये. २०१४च्या मध्यात डॉलर ६० रुपयांच्या आसपास होता, २०२४च्या शेवटी ८५च्या. म्हणून मी ३३ पट धरतो, म्हणजे जवळपास २ कोटी ४० लाख. रक्कम मोठी आहे, पण दोघं कमावते असतील आणि हात आखडता ठेवला तर जमू शकते.

खरी अडचण पुढं आहे, आणि ती दिवसांची आहे.

युरोपातल्या २९ शेंगेन देशांत मिळून कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. तेही व्हिसावर तेवढे दिवस दिले असतील तर. मलेशियानं भारतीयांना डिसेंबर २०२३पासून ३० दिवस बिनव्हिसा दिले, थायलंडनं जुलै २०२४मध्ये ६० दिवस केले. हे नियम बदलत राहतात, तिकीट काढण्याआधी तपासून घ्या. आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहसा आपण जिथं कायदेशीर रहिवासी आहोत तिथूनच करावा लागतो. थायलंडमध्ये पर्यटक म्हणून बसलेल्या लातूरकराला त्यासाठी बहुतेक वेळा भारतातच यावं लागतं. म्हणजे कायम फिरायचं असलं तरी फॉर्मवरचा 'कायमचा पत्ता' हा रकाना सुटत नाही.

कराचंही तसंच आहे. ही मूळ कल्पना श्रीमंत पाश्चात्यांची. पासपोर्ट एका देशाचा, धंदा दुसऱ्या देशात, मुक्काम तिसऱ्या, आणि कुठंच कर लागण्याइतके दिवस थांबायचं नाही. आपल्याकडं २०२०च्या वित्त कायद्यानं यावर तोडगा काढला. भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल आणि रहिवासी म्हणून दुसऱ्या कुठल्याच देशात कर लागत नसेल, तर भारतीय नागरिकाला इथलाच रहिवासी मानतात. उत्पन्न त्यापेक्षा कमी असलं तरी इथल्या एफडी आणि म्युच्युअल फंडाच्या कमाईवर कराचा हिशोब इथंच होतो. फक्त कर वाचेल म्हणून कोणी निघत असेल तर त्यानं बॅग खाली ठेवावी.

आता शीटमध्ये न बसणारी गोष्ट. बाबांना शुगर आहे, घरची आठ एकर कोरडवाहू जमीन आहे, बहीण नांदेडला दिलेली. बँकॉकहून रात्री निघालं तरी आधी हैदराबाद, मग रस्त्यानं सहा-सात तास, तेव्हा लातूर. आईला सगळा बेत सांगितला तर ती म्हणाली, "फिरून ये की. पण राहायचं कुठं म्हणायलास?" मला वाटतं, व्हिसा अधिकाऱ्याचा आणि आईचा प्रश्न एकच आहे.

फिरण्याचं एक जुनं उदाहरण आपल्या मराठवाड्यातच आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीशी नाव जोडलेले संत नामदेव पंजाबात गेले आणि परंपरेप्रमाणं सुमारे वीस वर्षं घुमानला राहिले. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. २०१५मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला भरलं. दर महिन्याला गाव बदललं असतं तर एवढं नातं जुळलं असतं का? एका जागी थांबलं की भाषा येते, शेजार मिळतो. पन्नास देशांच्या यादीपेक्षा मला हे जास्त हवंय.

म्हणून माझा बेत असा आहे. चाळिशीला नोकरी सोडायचीच, पण वर्षातले किमान १८५ दिवस लातूर-नांदेडला. १८२ दिवस झाले की मी इथला रहिवासी राहतो, बँकेची खाती आहेत तशी चालतात. मेडिक्लेम बहुतेक भारतातल्याच दवाखान्यांत चालतो, तोही कामाला येतो. पेरणी आणि सोयाबीनची रास, दोन्ही वेळा मी घरी असेन. उरलेल्या दिवसांत बाहेर, वर्षाला एक किंवा दोनच देश. आणि आई-बाबांच्या दवाखान्याची रक्कम त्या २ कोटी ४० लाखांच्या बाहेर, वेगळी. तिला प्रवासासाठी हात लावायचा नाही.

याला कोणी 'पर्पेच्युअल ट्रॅव्हलर' म्हणणार नाही. चालेल. तुमची शीट असेल तर आज रात्री तिच्यात एक रकाना वाढवा, वर्षातले किती दिवस घरी. तो भरल्यावर बाकीचे आकडे परत बघा. भेटू पुढच्या भागात.