माग बंद होता, चरखा चालू होता

(गोंदिया जिल्ह्यातील बचत गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मंडई म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. दिवाळी सरली की आपल्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, म्हणून लेकी-जावई, सोयरे सगळ्यांना जाता येते. रात्री दंडार, नाही तर नाटक. अशाच एका मंडईला आम्ही चौघीजणी आंधळगावला गेलो. गाव मोहाडी तालुक्यातले, भंडारा जिल्ह्यातले. पण १ मे १९९९ पर्यंत आपणही भंडाऱ्यातच होतो, तेव्हा परके कशाला म्हणायचे? हे कोष्ट्यांचे गाव. टसरच्या करवती लुगड्यांसाठी नावाजलेले.

सणाचा दिवस म्हणून माग बंद होता. आम्ही उतरलो त्या घरातले पुरुष धुतलेले कपडे घालून मंडईत गेले. आत बाईचा चरखा मात्र चालूच. उद्या सकाळी माग सुरू व्हायचा तर कांड्या आजच भरून हव्यात. चुलीवर पाहुण्यांचा स्वयंपाक आणि मधूनमधून हात चरख्याला. मी विचारले, "तुम्हीपण विणता का?" ती म्हणाली, "मी कुठं विणतो बाई? विणतात हे. मी त फक्त कांड्या भरतो."

हे 'फक्त' जरा उकलून पाहू. ऐनाच्या झाडावर वाढलेले कोसे सोड्याच्या पाण्यात उकळायचे. (तो वास ज्यांनी घेतलाय त्यांनाच कळेल.) एकेका कोशाचे टोक शोधायचे, चार-सहा तारा एकत्र ओढायच्या, पीळ द्यायचा. म्हाताऱ्या सासूबाईंनी लुगडे वर सारून मांडी दाखवली. तार मांडीवर वळून वळून कातडी राठ झालेली. या कामातून बायांची सुटका व्हावी म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाने 'बुनियाद' नावाचे यंत्र काढले. सासूबाईंचे वय तोवर निघून गेले होते. करवतीला तीन धोटे लागतात, दोन काठांचे, एक अंगाचा. काठाचा धोटा द्यायला शेजारी बसते ती घरातली धाकटी मुलगी.

आणि विणकर कोण? तर घरधनी.

टसर सोवळ्यात चालते, म्हणून पूजेला नेसतात. बाईच्या उघड्या मांडीवर वळलेली ती तार, आणि महिन्याच्या चार दिवसांत तेच सोवळे तिने शिवायचे नाही! या घरातल्या बाईने स्वतः करवती कधी नेसलेली नाही. यंदा भाऊबीजेला भावाने घेतली ती पॉलिस्टरची साडी.

२०१९-२० च्या हातमाग गणनेत देशभरात सुमारे ३५ लाख हातमाग कामगार मोजले गेले. त्यांत बाया पुरुषांहून कितीतरी जास्त. हे वाचून हुरळू नका. आसामकडे माग बायांच्या हाती असतो, आकडा तिकडून वाढतो. पण त्याच गणनेत विणकरांखेरीज सूत उकलणारे, कांड्या भरणारे, ताणा करणारे असे पूरक कामगारही वेगळे मोजलेले आहेत. म्हणजे 'फक्त कांड्या' हे सरकारदरबारी काम आहे. घरात मात्र ते काम नाही.

असे दूरच्या मुलखांतही आहे. मेक्सिकोत तेओतित्लान देल वाये नावाचे झापोतेक विणकरांचे गाव आहे. तिथेही बाया लोकर पिंजत, कातत आणि सणावाराचे रांधत. नाव पुरुषाचे, विक्री व्यापाऱ्याच्या हातात. १९८० नंतरच्या दशकात तिथल्या काही बायांनी आपल्या सहकारी संस्था काढल्या आणि गालिचे स्वतः विकायला घेतले. त्यावरून गावात बोलणी खावी लागली, हेही सांगायला हवे.

आंधळगावच्या बाईला मी म्हटले, तुमचे नाव पूरक कामगार म्हणून लावायचा अर्ज करू या. घरधनी तेवढ्यात मंडईतून परतले होते. ते दारातूनच म्हणाले, "नाव लावून का होते?"

बाईने चरखा थांबवला. "काही होते का नाही ते पाहू न. लावा तुम्ही."

कागद घेऊन आम्ही पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहोत. मोहाडीकडे माहेर असलेल्या कोणी बरोबर येणार असतील, तर मेळावा संपल्यावर मला भेटा.