वारं भिंत सोडतं तेव्हा

परभणीकडचा मे महिना तुम्हाला वेगळा सांगायला नको. समजा, पिंगळीतल्या एखाद्या अभ्यासिकेत मोठा कूलर बसवला, पत्र्याचं डक्ट टाकलं, तरी शेवटच्या बाकावर वारं लागतच नाही. पहिला सल्ला काय येतो? "मोटर मोठी घ्या." जरा थांबा. लाइटबिल वाढवण्याआधी पत्र्याचा आकार बघा.

ब्लोअरचं तोंड लहान, पुढचं डक्ट मोठं. दोघांना जोडणारा जो पसरत जाणारा तुकडा, तो डिफ्यूझर. त्याचं काम एकच: हवेचा वेग कमी करायचा आणि त्या बदल्यात दाब वाढवायचा. हा दाबच हवेला पुढे ढकलतो.

आकडे बघू. हवा सेकंदाला १० मीटरने आली, तर त्या वेगात सुमारे ६० पास्कल दाब दडलेला असतो. क्षेत्रफळ दुप्पट केलं की वेग ५ मीटर होतो आणि वेगातला दाब १५. म्हणजे ४५ पास्कल हाती यायला हवेत. पण मधला तुकडाच न लावता लहान तोंड थेट मोठ्या डक्टला जोडलं, तर मिळतात ३०च. उरलेले १५ भोवऱ्यांत जातात.

असं का होतं? भिंतीलगतची हवा घर्षणाने आधीच मंदावलेली असते. पुढे दाब वाढत जातो, म्हणजे तिच्यासाठी तो चढच. चढ हळू असेल तर मधली वेगवान हवा तिला ओढून नेते. खडा असेल तर ती थांबते, उलटी फिरते, भिंत सोडते. मग डक्ट रुंद दिसतं, पण हवा मधूनच झोतासारखी निघून जाते.

गोल तुकड्याला एकूण ७ अंशांच्या आसपासचा कोन चांगला. १ फुटाचं तोंड १.४ फूट करायचं, तर लांबी लागते सुमारे सव्वातीन फूट. पत्रा वाचवायला तेच ४ इंचांत केलं, की कोन जातो ६० अंशांवर. आणि गंमत म्हणजे, तिथे नुकसान थेट जोडापेक्षाही जास्त होऊ शकतं!

जागाच नसेल तर? आत पत्र्याच्या पट्ट्या लावून एका रुंद तुकड्याचे दोन-तीन अरुंद भाग करा. प्रत्येक भागाचा कोन लहान होतो. पण उगाच लांबवूही नका, लांबी वाढली की घर्षण वाढतं.

हाच नियम पाण्यालाही. आपल्याच जिल्ह्यात, पूर्णा नदीवर येलदरीचं जलविद्युत केंद्र आहे, क्षमता २२.५ मेगावॅट. अशा ठिकाणी टर्बाइनमधून निघालेलं पाणी पसरत जाणाऱ्या ड्राफ्ट ट्यूबमधून बाहेर सोडतात. त्याने चाकाखालचा दाब उतरतो आणि त्याच पाण्यातून जास्त वीज निघते.

तपासायचंय? कूलर बंद करून तुकड्याच्या आतल्या भिंतीला दोऱ्याचे छोटे तुकडे चिकटवा, बाहेरून दिसतील असे. मग चालू करा. दोरे सरळ राहिले तर ठीक. फडफडले किंवा उलटे वळले, तर फॅब्रिकेटरला सांगा, "दादा, कोन कमी करा." मोटरचा विचार त्यानंतर.

भेटू पुढच्या भागात!