डोंगरीची डंगरी

दुसरबीडहून बोलतेय. परवा नातवाला डंगरी घ्यायला गेले. तीच ती, खांद्यावर पट्टे असलेली विजार. दुकानदार म्हणाला, "मावशी, इंग्रजी फॅशन आहे." म्हटलं, बाबा, नाव तर आपलंच आहे!

मुंबईत बंदराजवळ डोंगरी नावाची वस्ती आहे. तिथं टेकडी होती, म्हणून डोंगरी. तिथं जाडंभरडं सुती कापड विकलं जायचं. इंग्रज व्यापारी त्या कापडालाच डंगरी म्हणू लागले. 17व्या शतकापासून त्यांच्या लिखाणात हे नाव सापडतं. हलकं, गरिबाचं कापड अशीच त्याची गणना. पण दणकट! शिडांना, तंबूंना लागायचं, खलाशी अंगात घालायचे. पुढं त्याचे कामाचे कपडे शिवले गेले आणि कापडाचं नाव कपड्याला चिकटलं.

आपल्या वऱ्हाडच्या कापसाचंही तसंच. इंग्रजांच्या काळात तो मुंबईहून विलायतेला जायचा, तेव्हा लिव्हरपूलच्या बाजारात त्याला 'उमरा' म्हणत. उमरावती, म्हणजे आपली अमरावती. वेचणाऱ्या बायांची बोटं बोंडांनी ओरबाडायची, नाव मात्र बाजारपेठेचं.

आमच्या गटात आम्ही जाड सुती पिशव्या शिवतो. एकजण म्हणाली, "जाडंभरडं म्हणू नका, गिऱ्हाईक फिरकणार नाही." मी तर म्हणते, म्हणाच. आणि वर गावाचं नावही घाला. दहा पिशव्यांवर निळ्या दोऱ्यानं 'दुसरबीड' काढून झालंय. दोरा संपलाय, बाजाराच्या दिवशी आणायचा आहे.