आधी माणूस, मग यंत्र



तालुक्याच्या गावी भौतिकोपचाराचे, म्हणजेच फिजिओथेरपीचे, केंद्र काढावयाचे ठरले की पहिल्याच बैठकीत यंत्रांची यादी पुढे येते. देणगीदारासही यंत्रच द्यावेसे वाटते, कारण त्यावर नावाची पाटी लावता येते. केंद्र कोणासाठी, हा मूळ प्रश्न मात्र मागे राहतो.

आपल्या देशात हे शास्त्र रुजले ते पोलिओच्या छायेत. १९५०च्या दशकाच्या आरंभी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात त्याचे विद्यालय निघाले. १९५५ साली हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. २०१४ साली भारत पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. तथापि गरज संपली नाही, तिचे रूप पालटले. आज दारी येतो तो पक्षाघात झालेला शेतकरी, पोती वाहून खांदा आखडलेला हमाल, गुडघे धरलेली शेतमजूर स्त्री. यांचे शरीर हेच यांचे भांडवल होय.

या उपचाराचे अर्थशास्त्र निराळे आहे. येथे एका गोळीने भागत नाही. आठवडेच्या आठवडे यावे लागते. म्हणून उपचाराची खरी किंमत केवळ शुल्काएवढी नसते, तीत एस. टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी, कित्येकदा सोबत आलेल्याचीही मजुरी, मिळवावी लागते. शुल्क निम्मे केले, पण केंद्र दहा ते पाच एवढेच उघडे ठेवले, तर हमाल चौथ्या खेपेला येणे सोडतो आणि तोवरचा सारा खर्च वाया जातो. सबब जागा एस. टी. स्थानकाजवळ किंवा बाजार समितीच्या आवाराजवळ हवी आणि वेळ संध्याकाळचीही हवी.

जागा तळमजल्यावरच असावी. एक फूट उंचीस बारा फूट लांबीचा उतार, तीन फुटी दार, चाकांची खुर्ची वळावी इतकी, म्हणजे पाच फूट, मोकळी जागा, आणि न घसरणारी फरशी. गुळगुळीत फरशी उद्घाटनाच्या छायाचित्रात शोभते. काठी टेकणाऱ्यास ती आडवे पाडते. स्त्रियांसाठी पडद्याआडची स्वतंत्र जागा आणि आधाराचा दांडा असलेले शौचालय ही चैन नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने जनतेच्या वापराच्या इमारती, सरकारी असोत वा खाजगी, सुगम्य करण्याचे बंधन घातलेलेच आहे.

साधनांत प्रथम मान बिनविजेच्या साधनांचा. उपचाराचे बाक, चालण्याच्या सरावाचे समांतर दांडे, मोठा आरसा, खांद्याचे चाक, वजने, सतरंज्या. यांतील बरेचसे गावचा सुतार आणि वेल्डर करून देईल आणि वीज गेली तरी काम अडणार नाही. त्यानंतर शेकाची सोय आणि वेदनाशामक विजेचे एखादे यंत्र. यंत्राची किंमत मांडताना दुरुस्ती, नियमित तपासणी आणि अर्थिंगसह निर्दोष वीजजोडणी यांचा पाच वर्षांचा खर्च धरावा. अन्यथा यंत्र कोपऱ्यात धूळ खाते.

खर्चाचा मोठा वाटा मात्र प्रशिक्षित माणसाच्या वेतनावर पडला पाहिजे. यंत्रावर उधळून उपचारकाचे वेतन कापणे हा उलटा हिशेब होय. निम्मा उपचार घरी व्हावयाचा असतो आणि तो शिकवावा लागतो. पाश्चात्त्य रुग्णास खुर्चीवरून उठता आले की पुष्कळदा भागते. आपल्या शेतकऱ्यास जमिनीवर मांडी घालून बसता आले पाहिजे, उकिडवे बसता आले पाहिजे, बांधावरून चालता आले पाहिजे. म्हणून जमिनीवरच्या सरावालाही जागा राखावी.

शेवटी एक साधी वही. प्रत्येक रुग्णाच्या नावापुढे त्याचा व्यवसाय आणि दुखणारा अवयव लिहावा. एकाच आवारातील दहा हमालांचे खांदे दुखत असतील, तर दोष खांद्यांत नाही, ओझ्यात आहे. प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच केली. तरी शंभर किलोचे पोते हटविण्यासाठी हमालांना दीर्घकाळ झगडावे लागले. बरा झालेला खांदा पुन्हा त्याच ओझ्याखाली जाणार असेल, तर केंद्राचे काम अर्धेच राहिले. ती वही संघटनेच्या बैठकीत वाचली जावी. उरलेले अर्धे काम कार्यकर्त्यांचे आहे.