जुन्या जीपचे वंगण : निवड आणि दक्षता

(औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील एका कार्यशाळेत शिक्षक, पंचायत सदस्य व वाहनधारक यांच्यासमोर केलेले भाषण)



मी कलाशाखेचा पदवीधर. माहिती अधिकारी या नात्याने माझा संबंध शब्दांशी, यंत्रांशी नव्हे. तरीही चारही चाकांना शक्ती देणाऱ्या जुन्या जीपच्या ‘स्टिअरिंग नकल’विषयी बोलण्याचे मी मान्य केले, त्यास एक अनुभव कारण आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी मी प्रचारकार्यासाठी अशाच एका जीपमधून डोंगरी भागात फिरत असे. पुढच्या चाकाच्या आतील बाजूने तेल गळू लागले, तेव्हा मिस्त्रींनी नकलमध्ये चाकाच्या बेअरिंगचे घट्ट ग्रीस ठासून भरले. गळती थांबली, आम्ही निर्धास्त झालो. पावसाळ्यात एका घाटातील वळणावर स्टिअरिंग इतके जड झाले, की जीप कठड्याला घासूनच थांबली. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. नकल उघडल्यावर दिसले, की ग्रीस भरपूर होते. परंतु सांधा कोरडा होता आणि वरच्या बेअरिंगला गंज चढला होता.

ग्रीस भरपूर असूनही सांधा कोरडा राहतो, हे कसे? त्यासाठी नकलची रचना ध्यानी घेतली पाहिजे. स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू झाली. पुढे महिंद्रची सीजे-३बी जीप खेडोपाडी पोहोचली. या घडणीच्या जीपमध्ये पुढच्या आसाच्या दोन्ही टोकांना चेंडूसारखे गोल पोलादी कवच असते. त्यावर नकलचे घर वरच्या व खालच्या किंगपिन बेअरिंगच्या आधाराने डावी-उजवीकडे वळते. आत आसाचा सांधा असतो. चाक वळलेले असतानाही शक्ती त्याच्यापर्यंत पोहोचविण्याचे काम तो करतो. म्हणजे एकाच वंगणाने सांधाही भिजला पाहिजे आणि उडून वरच्या बेअरिंगपर्यंतही गेले पाहिजे.

घट्ट ग्रीस येथे अपुरे पडते. फिरता सांधा ते बाजूस फेकतो. ते कवचाला चिकटून राहते व परत सांध्याकडे वाहत येत नाही. याउलट पातळ तेल उत्तम पसरते; परंतु सील झिजले असल्यास बाहेर पडते. ते हबमार्गे ब्रेकच्या ड्रममध्ये शिरले, तर लायनर तेलकट होऊन ब्रेक एका बाजूस ओढू लागतो. घाटरस्त्यावर याचा अर्थ काय, हे सांगावयास नको.

ग्रीसची घट्टता एनएलजीआय क्रमांकाने सांगतात. ००० पासून ६ पर्यंत हे नऊ दर्जे आहेत. क्रमांक २ म्हणजे बाजारात सर्रास मिळणारे चाकाच्या बेअरिंगचे ग्रीस. ० व ०० हे अर्धप्रवाही, म्हणजे हळूहळू वाहून आपल्या जागी परत येणारे. ज्या बंदिस्त नकलमध्ये वंगण वाहते राहणे आवश्यक आहे, तेथे हे अर्धप्रवाही ग्रीस मधला मार्ग ठरते.

परंतु हा सार्वत्रिक नियम समजू नये. जुन्या लँड रोव्हरच्या नकलमध्ये मूळ सूचनेनुसार ९० क्रमांकाचे गिअर ऑइल घालीत. पुढील काळात त्याच कंपनीने अर्धप्रवाही ग्रीस स्वीकारले. टोयोटाच्या लँड क्रूझरसाठी मात्र मॉलिब्डेनम डायसल्फाइडयुक्त क्रमांक २ चे लिथियम ग्रीस सांगितलेले आहे. यास्तव पहिला अधिकार आपल्या वाहनाच्या निर्मात्याच्या पुस्तिकेचा. शेजाऱ्याच्या वाहनाचा नव्हे.

आणखी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, गळतीचे कारण आधी शोधावे. आसातील आतले सील फाटले असेल, तर डिफरन्शियलचे तेल नकलमध्ये येऊन ग्रीस पातळ करते. कवचावर गंजाचे खड्डे असतील, तर नवे सीलही लवकर फाटते. अशा वेळी घट्ट ग्रीस भरणे म्हणजे दुखणे झाकणे होय. दोन, निरनिराळ्या जातींची ग्रीसे मिसळू नयेत. लिथियम व सोडियम यांसारख्या भिन्न साबणांची मिश्रणे पातळ होऊन वाहू शकतात. जुने ग्रीस पूर्णपणे धुऊन काढावे. तीन, नदीनाले ओलांडल्यावर नकलमधील वंगण तपासावे. ते दुधासारखे पांढरट दिसल्यास पाणी शिरले आहे असे समजून बदलावे. चार, पुढच्या चाकांस सुटे होणारे हब बसविलेले असतील, तर महिन्यातून एकदा ते जोडून काही किलोमीटर जीप चालवावी. अन्यथा सांधा फिरत नाही व वरचे बेअरिंग कोरडे पडते.

१ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील बहुतेक सरकारी वाहनांची नोंदणी संपुष्टात आणण्याचा नियम लागू झाला. तथापि शेतकऱ्यांच्या अंगणात आणि प्रशिक्षण संस्थांच्या कार्यशाळांत जुन्या जीपा आजही आहेत. शिक्षकांना माझी विनंती आहे, की विद्यार्थ्यांकडून नकल एकदा उघडून घ्यावी आणि वंगण कोठपर्यंत पोहोचते हे त्यांना प्रत्यक्ष दाखवावे. पंचायत सदस्यांनी गावातील जीपधारकांना एवढेच सांगावे, की वंगणाचे नाव, क्रमांक व भरल्याची तारीख एका कागदावर लिहून वाहनाच्या कागदपत्रांत ठेवावी.

त्या घाटात आमच्यापाशी ग्रीस होते, मिस्त्री होते, पुस्तिकाही होती. ती कार्यालयाच्या कपाटात होती आणि मी, ज्याचे कामच माहिती पोहोचविणे, त्यानेही ती कधी उघडून पाहिली नव्हती. आपण ती उघडावी, एवढेच सांगण्यासाठी मी येथे आलो.