पाठ झालं, आता आचरण

(विहाराच्या वर्धापनदिनी पालक व धम्मवर्गाच्या मुलांपुढे केलेले भाषण)



आमच्या वर्गातली पोरं त्रिशरण-पंचशील घडाघडा म्हणतात. ऐकून ऊर भरून येतो. पण चौथं शील खोटं न बोलण्याचं. सोमवारी दारात हप्त्याचा वसुलीवाला येतो आणि आतून आवाज येतो, "सांग त्याला, बाबा घरी नाहीत." आता पोरानं शील पाळावं की बापाचा शब्द ? पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. आणि पोराच्या हातात पैसे देऊन दारू आणायला पाठवणारे आपल्याच वस्तीत आहेत. राग मानू नका, नाव कुणाचं घेत नाही.

भगवान बुद्धांनी राहुलाला केलेला उपदेश मज्झिम निकायात आहे. भांड्यात थोडंसं पाणी ठेवून त्यांनी विचारलं, हे दिसतं ना ? जाणूनबुजून खोटं बोलायची ज्याला लाज नाही, त्याचं श्रमणपण एवढंसंच. मग तेही पाणी फेकलं, भांडं पालथं घातलं. पुढे आरशाचा दाखला दिला. आरशात पाहावं तसं प्रत्येक काम करण्याआधी, करताना आणि केल्यावर तपासायचं, की यानं माझं किंवा दुसऱ्याचं वाईट होतं का ?

म्हणून आम्ही वर्गात एक रीत पाडली. वर्ग सुटताना प्रत्येकानं आठवड्यासाठी एकच गोष्ट ठरवायची. परीक्षेत कॉपी करणार नाही, कुत्र्याला दगड मारणार नाही, एवढी छोटी. पुढच्या रविवारी येऊन सांगायचं. जमलं नाही तर तेही सांगायचं, कुणी रागवायचं नाही. एका मुलीनं ठरवलं, धाकट्या भावाला मारणार नाही. तीन दिवस जमलं, चौथ्या दिवशी चापट बसलीच. तिनं ते सगळ्यांसमोर सांगितलं. आमच्या मते त्या दिवशी खरा वर्ग भरला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी त्रिशरण-पंचशीलासोबत २२ प्रतिज्ञा दिल्या. चोरी, खोटं, दारू यांना त्यांत पुन्हा साध्या शब्दांत नकार आहे. पाली समजत नाही म्हणून कुणाला सुटता येऊ नये !

पालकांनो, पोरगं दारू आणायला नाही म्हणालं तर हात उगारू नका. वसुलीवाला आला तर स्वतः दारात या, चार दिवसांची मुदत मागा. आणि येत्या रविवारी तुम्हीही एक गोष्ट ठरवून विहारात या. मुलं विचारणार आहेत.

जयभीम ! नमो बुद्धाय !