माळ्याची साक्ष



इंग्लंडच्या मध्यभागी, स्टॅफर्डशायर परगण्याच्या डोंगराळ मुलखात, मॅनिफोल्ड नावाची एक लहानशी नदी आहे. उगमापासून काही मैल ती शेल आणि वालुकाश्म यांच्या थरांवरून, कोणत्याही नदीसारखी, उघड्यावर वाहते. परंतु एक्टनच्या जुन्या तांब्याच्या खाणींपाशी चुनखडीची हद्द लागते आणि तेथून तिचे वर्तन पालटते. कोरड्या ऋतूत वेटन मिल या जुन्या पाणचक्कीच्या आसपास ती पात्रातल्याच भेगांतून भूगर्भात शिरते. पुढे कित्येक मैल पात्रात नुसते धोंडे आणि रुंद पानांचे रान माजलेले दिसते. आणि इलम येथील हवेलीच्या बागेत, खडकाच्या पायथ्याशी, तेच पाणी उसळून वर येते व थोड्याच अंतरावर डव्ह नदीस मिळते.

याचे कारण खडकात आहे. पावसाचे पाणी हवेतील आणि मातीतील कर्बवायू शोषून किंचित आम्ल बनते, चुनखडीच्या सांध्यांतून झिरपताना तिला विरघळवते, आणि लक्षावधी वर्षांत केसाएवढ्या चिरेचे भुयार होते. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळास हा गुण नाही. म्हणून आपल्या नद्या वैशाखात आटतात, पण अशा गिळल्या जात नाहीत.

   

प्रयागास गुप्त सरस्वतीला हात जोडणाऱ्या आपणांस मॅनिफोल्डची कथा मान्य करणे जड जाणार नाही. परंतु 1777 साली इंग्रजी कोशकार डॉ. जॉन्सन आपला चरित्रकार बॉस्वेल याच्यासह इलम पाहावयास गेले, तेव्हा हे पाणी मैलोगणती जमिनीखालून येते ही गोष्ट त्या कोशकारास काही केल्या पटेना. रॉबर्ट प्लॉट याच्या परगण्यावरील ग्रंथात तिचा दाखला होता, तोही त्यांनी मानला नाही. तेव्हा बागेच्या माळ्याने साक्ष दिली: नदी जेथे जमिनीत शिरते तेथे आपण बुचे टाकली होती, आणि इलमला पाणी जेथून बाहेर पडते त्या एका तोंडाशी जाळे लावून ती धरली होती.

ही साक्ष मला फार मोलाची वाटते. बूच हलके, ते आपण होऊन जमिनीत जाणार नाही, प्रवाहाने ओढले तरच जाईल. ते दुसऱ्या टोकास सापडले, म्हणजे वाट अखंड आहे इतकेच नव्हे, तर ती कोठेही बुचाहून अरुंद नाही, हेही सिद्ध होते. ज्या माणसाने ऐकीव गोष्टीवर न विसंबता दोन ठिकाणी जाऊन स्वतः खात्री करून घेतली, त्याच्या जबानीपुढे जॉन्सनसारख्या पंडिताने मान तुकवावयास हवी होती, असे मी निःसंकोच म्हणतो. या भेटीच्या आपल्या वर्णनात बॉस्वेल, इलमच्या एका कपारीत बसून काँग्रीव्ह या नाटककाराने आपले नाटक लिहिले, हे अगत्याने नोंदवतो. माळ्याचे नाव मात्र तो देत नाही. मला ते हवे होते.

कारण पुढे शास्त्रज्ञांनी धरली ती हीच वाट. बरोबर 100 वर्षांनी, 1877 साली, जर्मनीत इमेंडिंगेनजवळ लुप्त होणारे डॅन्यूबचे पाणी कोठे जाते या तपासासाठी त्यात मीठ आणि फ्लुओरेसीन नावाचा रंग सोडण्यात आला. तो सुमारे 60 तासांनी, 12 किलोमीटरवरील आख झऱ्यात उमटला. डॅन्यूब पूर्वेस काळ्या समुद्राकडे जाते. आखचे पाणी ऱ्हाइनला मिळून उत्तर समुद्राकडे. एकाच नदीचे पाणी दोन समुद्रांस जाते, हे त्या रंगाने लोकांना डोळ्यांनी पाहता आले.